अर्ध्या श्वासाचं वळण

फुमिए नाकांदाकारीला या जगात दोनच गोष्टींचा मनापासून राग यायचा. एक, थंड झालेला टोफू. दुसरा, स्वतःचा डावा पाय.

टोफूचं एक बरं होतं. ओकिनावा बेटावर, योनाबारूच्या बाजारात कोपऱ्यावर तिचं आणि नवऱ्याचं दुकान. सकाळी सहाला गरम लाद्या फळीवर यायच्या आणि थंड व्हायच्या आत गिऱ्हाइकं उचलून न्यायची. पण पायाला कुठं न्यायचं? तो तेरा वर्षं तिच्याबरोबर डोजोत, म्हणजे कराटेच्या आखाड्यात, जात होता, तिच्याबरोबर घाम गाळत होता आणि ऐन परीक्षेत दगा देत होता. चौथ्या डॅनच्या, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या चौथ्या पायरीच्या, परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती आणि दोन्ही वेळा कागदावर एकच शेरा होता: वळताना तोल जातो.

वळण एकच, सेसान नावाच्या कातामधलं. काता म्हणजे मनातल्या शत्रूशी एकट्यानं खेळलेली लढाई, प्रत्येक पाऊल आधीच ठरलेलं. तीन पावलं पुढं जायचं आणि डाव्या पायावर मागं वळायचं. तिच्या गुरूंच्या, कोहागुरा सेन्सेईंच्या, डोजोत या वळणाच्या मधोमध अर्धा श्वास थांबायची रीत होती. अर्धं वळायचं, उजवी टाच उचललेली ठेवून क्षणभर थांबायचं आणि मग उरलेलं वळण पुरं करायचं. तेवढ्या अर्ध्या श्वासात फुमिए एका पायावर डुगडुगायची. बाकी सगळा काता तिचा असा व्हायचा की बघणाऱ्यानं बघत राहावं, आणि तिथं आलं की घोडं पेंड खायचं.

"एवढ्या जड लाद्या उचलतेस, तेव्हा नाही जात तुझा तोल," नवरा मोरिहिदे म्हणायचा. "डोक्यावर टोफूची पाटी घेऊनच जा परीक्षेला. परीक्षकांना वासानंच पास करावंसं वाटेल."

"तुम्ही सोयाबीन ढवळा हो. करपतंय ते."

"आणि ते केस मागं सारणं आधी बंद कर. काही सुरू करायचं म्हटलं की तुझा हात पहिला कानाकडं जातो. परवा कढईचं झाकण काढायच्या आधीसुद्धा."

ती बट होतीच तशी हट्टी. डोक्याला कितीही घट्ट फडकं बांधलं तरी डाव्या कानावरून सुटून डोळ्यावर यायची. फुमिएनं ती मागं सारली आणि पुढची लादी उचलली.

यंदाची तिसरी खेप होती. कराटे संघटनेचा नियमच होता, सलग तीनदा नापास झालं की पाच वर्षं परीक्षेला बसता येत नाही. पाच वर्षांनी फुमिए एकसष्टची झाली असती, त्याचं तिला काही नव्हतं. पण सेन्सेई शहाऐंशीचे झाले असते. डॅनच्या कागदावर गुरूची सही असते, आणि तिला ती कोहागुरा सेन्सेईंच्याच हातची हवी होती. दुसऱ्या कुणाच्या सहीचा कागद तिनं टोफू बांधायला वापरला असता.

तेरा वर्षांपूर्वी ती पाठदुखीचं औषध म्हणून डोजोत गेली होती. डॉक्टर म्हणाले, काहीतरी व्यायाम करा, आणि सगळ्यात जवळ सेन्सेईंचं घर होतं. सेन्सेई जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, घराच्या खालच्या मजल्यावर लाकडी जमीन टाकून शिकवायचे. पहिले सहा महिने त्यांनी तिला फक्त चालायला लावलं. मुठीत काठ धरून उचलायची वाळूनं भरलेली दोन मडकी दिली, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाल म्हणाले. पाठ तिसऱ्याच महिन्यात दुखायची थांबली. पण तोवर दुसरंच दुखणं लागलं होतं. आज कालच्यापेक्षा केसभर बरं झालं का, हे बघायची चटक. अंगणातल्या खांबावर ठोसे मारताना शंभरातला एखादा असा बसायचा की आवाजच वेगळा यायचा, आणि त्या एकासाठी ती नव्व्याण्णव मारायला तयार असायची.

सेन्सेईंची शिकवायची पद्धत म्हणजे दोन शब्द. बघा. करा. प्रश्न विचारायची सोय नव्हती. पहिल्या वर्षी फुमिएनं एकदा विचारलं होतं, "सेन्सेई, या वळणात मध्येच का थांबायचं?" सेन्सेईंनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं सूर्याला पत्ता विचारला. पुढचे पंधरा दिवस ती फक्त जमीन पुसत होती. त्यानंतर तिनं काही विचारलं नाही. कुणीच विचारत नसे.

पण प्रश्न विचारता येत नाही म्हणून उत्तरं थोडीच थांबतात? उत्तर इराहासानांकडं तयार होतं. इराहा डोजोतले सगळ्यात जुने शिष्य, नगरपालिकेतून निवृत्त, डोकं उकडून सोललेल्या अंड्यासारखं तुळतुळीत, आणि शिस्तीचे इतके पक्के की चपलांची रांग वाकडी दिसली तरी त्यांना झोप येत नसे. त्या अर्ध्या श्वासाला त्यांनी नाव दिलं होतं, 'ऐकणं'. शत्रू मागं असतो. डोळे पुढं असतात. म्हणून वळता वळता कानानं त्याचा अंदाज घ्यायचा. संघटनेच्या वार्षिक पुस्तिकेत त्यांनी यावर चार पानी लेख लिहिला होता, आकृत्यांसकट.

"तू ऐकत नाहीस," ते फुमिएला सांगायचे. "पाय नाही डगमगत तुझा. मन डगमगतं. कान दे."

फुमिए कान द्यायची. कान देऊन देऊन तिला शेजारच्या घरातली भांडी, लांबची गाडी, गाजुमारूच्या झाडावरचे पक्षी, सगळं ऐकू यायचं. शत्रू तेवढा ऐकू यायचा नाही आणि पाय डुगडुगायचा.

अशात शरद ऋतू आला आणि त्याबरोबर पाहुणे. दर पाच वर्षांनी जगभर पांगलेली ओकिनावाची माणसं जत्रेला घरी परततात. पेरूतून, हवाईतून, ब्राझीलमधून. आजोबांचं गाव बघायला नातवंडं येतात, आणि थोडे खुद्द गेलेलेही येतात. परीक्षेला चार दिवस उरले असताना संध्याकाळच्या वर्गाला एक बुटका, उन्हानं रापलेला माणूस दारात चपला काढून उभा राहिला आणि वाकून नमस्कार करायचा तो वाकूनच राहिला. त्याचे खांदे हलत होते.

सेन्सेई पुढं झाले. "कोण?"

"यामानोहा. तोकुजी यामानोहा. सेन्सेई, ब्राझीलला गेलो तो."

सेन्सेईंनी त्याचे खांदे धरून त्याला सरळ केलं आणि वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "जाड झालास."

सदतीस वर्षांपूर्वी, पंचविशीत, यामानोहा जहाजानं ब्राझीलला गेला होता. तिथं त्यानं कपडे धुण्याचं दुकान काढलं, मुलं वाढवली, आणि रोज पहाटे इस्त्रीच्या टेबलामागच्या सहा हात जागेत सेसान केला. एकट्यानं. चुकलं तर सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तो काहीच बदलायला धजला नव्हता.

"कर," सेन्सेई म्हणाले.

यामानोहानं पाहुण्याच्या कपड्यांतच, बाह्या सारून, काता केला. बारा शिष्य भिंतीला टेकून बघत होते. माणूस जाडजूड, पण जमिनीत खिळा ठोकावा तसा पाय पडायचा. तीन पावलं पुढं आला तेव्हा फुमिए भिंतीपासून पुढं झुकली. तिच्याच पायात गोळा आला, जणू वळणार तीच होती.

यामानोहा वळला. एका दमात. मध्ये थांबला नाही, टाच उचलली नाही. पुढं होता तो मागं झाला, एवढंच.

काता संपल्यावर सगळ्यांनी मान झुकवली. सेन्सेई म्हणाले, "हं," आणि चहा करायला आत गेले. ते आत जायची खोटी, इराहासान घसा खाकरून उठले.

"छान. छान हं. पण यामानोहासान, वळताना ऐकणं राहिलं तुमचं."

"काय राहिलं?"

"ऐकणं. तो अर्धा श्वास. चालायचंच म्हणा, ब्राझीलमध्ये सगळं भराभर असतं. नाचतात म्हणे रस्त्यात."

एकदोघं हसले. यामानोहा लाल झाला. "मला एवढंच शिकवलं होतं," तो म्हणाला. "काही विसरलो असेन. सदतीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत."

फुमिए हसली नाही. ती त्याच्या पायाखालच्या जमिनीकडं बघत होती. इतकं सोपं असतं ते?

दुसऱ्या दिवशी सकाळची घाई सरली, तशी तिनं मोठ्या कढयांमधली फरशी पुसून कोरडी केली. बट मागं सारली. तीन पावलं पुढं गेली आणि यामानोहासारखी वळली, न थांबता.

पाय डगमगला नाही.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. कंबर वळली की पाय आपोआप मागं येत होता आणि मूठ जाऊन बसत होती, जशी ती तेरा वर्षं बसायला हवी होती. तिसऱ्यांदा केलं, दहाव्यांदा केलं. विसाव्यांदा ती मोठ्यानं हसायलाच लागली. अंगावर शहारे आले होते. तिला कुणाला तरी घट्ट धरून सांगावंसं वाटत होतं आणि समोर सोयाबीनच्या भुशाच्या पोत्याशिवाय कुणी नव्हतं, तर तिनं पोत्यालाच एक ठोसा लगावला.

मोरिहिदे आवाज ऐकून आत आला. बायको वाफेत गरागरा फिरत होती आणि हसत होती.

"अगं, काय झालं? वाफ डोक्यात गेली का?"

"पाय माझा चांगलाय," फुमिए म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "अहो, माझा पाय चांगला आहे. तेरा वर्षं मी त्याला शिव्या देतेय."

तेवढ्यात दुकानासमोर यामानोहा येऊन उभा राहिला. ब्राझीलला असताना त्याला दोन गोष्टींची स्वप्नं पडायची, डोजोची जमीन आणि वाडग्यातला गरम, लुसलुशीत, न दाबलेला टोफू. फुमिएनं त्याच्यापुढं वाडगं ठेवलं आणि त्याला पहिला घास नीट गिळूही दिला नाही.

"तुम्ही शिकत होता तेव्हा सेन्सेई कसे वळायचे?"

"कसे म्हणजे? वाऱ्यासारखे. आम्हाला दिसायचेच नाहीत." यामानोहानं वाडगं खाली ठेवलं. "त्यांच्या घरामागच्या त्या देवळाच्या पायऱ्या आहेत ना, त्या दोन-दोन चढायचे. आम्ही विशीतली पोरं मागं धापा टाकत. काल पाहिलं, आता कठडा धरून चढतात. वय झालं."

"वय नाही," मोरिहिदे म्हणाला. "गुडघा. ते रस्ता बदलल्याच्या दिवसाचं. तुम्ही तेव्हा इथं नव्हता."

ती गोष्ट योनाबारूत सगळ्यांना पाठ होती. सेन्सेईच दर उन्हाळ्यात दोन पेले आवामोरी पोटात गेली की सांगायचे. अमेरिकनांच्या काळात बेटावरच्या गाड्या उजवीकडून चालायच्या. मग एका जुलैत, एका सकाळी, साऱ्या बेटाची वाहतूक डावीकडं आणली. सेन्सेईंनी महिनाभर सराव करून त्या दिवशी भरलेली बस बिनचूक चालवली, एक ओरखडा येऊ दिला नाही. पाळी संपवून ते घरी जायला निघाले, रस्ता ओलांडताना सवयीनं भलत्याच बाजूला पाहिलं, आणि दुसऱ्या बाजूनं मोटारसायकल आली. डावा गुडघा. त्या गोष्टीवर सेन्सेई स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसायचे.

फुमिएच्या हातातला टोफूचा झारा तसाच राहिला.

डावा गुडघा. तेहतीस वर्षांपूर्वी. इराहासान डोजोत आले त्याला एकतीस वर्षं झाली होती. त्यांच्या आधीचं आता कुणी उरलं नव्हतं. म्हणजे आज डोजोत जे कुणी होतं, त्या प्रत्येकानं सेन्सेईंना वळताना पाहिलं होतं ते अपघातानंतर. दुखऱ्या गुडघ्यावर अर्धं वळून, भार सांभाळायला क्षणभर थांबून, मग पुरं वळताना. बघा आणि करा. त्यांनी बघितलं आणि केलं.

"ऐकणं," ती पुटपुटली आणि तिला हसू आवरेना. मग एकदम हसू थांबलं, कारण पुढचं तिच्या लक्षात आलं होतं.

यामानोहालाही कळलं होतं. तो वाडग्यात बघत म्हणाला, "मी काही कुणाला सांगणार नाही हं. मी रविवारी जाणार."

"मग विचारून टाक की सेन्सेईंना," मोरिहिदे म्हणाला.

"काय विचारू? तुमचं लंगडणं आम्ही विद्या म्हणून शिकलो, असं? आणि इराहासानांनी त्यावर आकृत्या काढल्या, असं?"

तरी ती गेली. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी, फडक्यात गरम लादी घेऊन. सेन्सेई टीव्हीवर कुस्ती बघत बसले होते आणि एक हात सवयीनं डाव्या गुडघ्यावर फिरत होता. फुमिए समोर बसली. तोंडापर्यंत आलेलं वाक्य तिनं चार वेळा गिळलं. सेन्सेईंनी टोफूचा तुकडा खाल्ला, चांगला आहे म्हणाले आणि टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "यंदा घसरू नकोस. सही करताना आता हात थरथरतो माझा. पुढच्या वेळी नाव वाचता यायचं नाही कुणाला."

ती नमस्कार करून निघाली आणि घरी येईपर्यंत रडत आली.

दुसऱ्या दिवशी परीक्षेसाठी नाहा शहराला जाणाऱ्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. पायात दोन्ही वळणं तयार होती. जुनं केलं, तर पाय डुगडुगणार, तिसरी खेप वाया जाणार आणि सहीही. नवं केलं, तर पाच ज्येष्ठ परीक्षकांसमोर, त्यांतले एक स्वतः सेन्सेई, तिनं भर सभेत गुरूला चुकीचं ठरवलं असं होणार. तेरा वर्षांत या माणसानं तिच्याकडून एक कप चहाही फुकट घेतला नव्हता, टोफूचे पैसे पाठीमागून मोरिहिदेच्या हातात कोंबायचे. त्यांना खाली पाहायला लावून मिळालेला डॅनचा कागद भिंतीवर कसा टांगायचा?

बस वळली. ड्रायव्हरनं मोठं चाक फिरवलं आणि एवढं मोठं धूड एका दमात, न अडखळता, दुसऱ्या रस्त्याला लागलं. फुमिए बघत राहिली. सेन्सेईंनी चाळीस वर्षं अशीच बस वळवली असणार. वळणात मध्येच थांबणारा ड्रायव्हर त्यांनी जन्मात सहन केला नसता.

मी त्यांच्याकडं काता घ्यायला गेले होते, तिनं मनाशी म्हटलं. गुडघा त्यांचा त्यांच्याकडंच राहू दे. आणि छातीत इतक्या जोरानं धडधडायला लागलं की शेजारच्या बाईनं तिला बस लागते का म्हणून विचारलं.

सभागृहात पाच परीक्षक टेबलामागं बसले होते. भिंतीशी वेगवेगळ्या डोजोंची माणसं. इराहासान पहिल्या रांगेत, पाठ ताठ करून. तिचं नाव पुकारलं गेलं. ती मध्यभागी आली, नमस्कार केला, हात कानाकडं गेला, बट मागं गेली.

पहिलं पाऊल. दुसरं. श्वास पोटात होता, खांदे खाली होते. तिसरं पाऊल पडलं तेव्हा ती घाबरायचं विसरूनच गेली होती. ती वळली. एका दमात, आणि मूठ बसली तेव्हा बाहीचा फट्ट असा आवाज साऱ्या सभागृहात गेला. खांबावर शंभरात एकदा यायचा तोच आवाज. तिला ओरडावंसं वाटलं इतका आनंद झाला. पुढचा काता तिनं केला नाही, तो तिच्याकडून झाला.

काता संपला. तिनं मान झुकवली आणि वर पाहिलं. सेन्सेई टेबलावर पुढं झुकून बसले होते. भुवया एकत्र आलेल्या.

"वळण पुन्हा कर," सेन्सेई म्हणाले.

तिनं केलं.

"कुठं शिकलीस हे?"

खोटं बोलायची जागा नव्हती. "यामानोहासानांकडून," ती म्हणाली. "आणि त्यांना तुम्ही शिकवलं होतं, सेन्सेई."

इराहासानांना राहवेना. ते उभे राहिले. "माफ करा, सेन्सेई. हिनं ऐकणं गाळलं."

"कसलं ऐकणं?"

"ते... वळणातलं. अर्धा श्वास. आपल्या डोजोचं."

"आपल्या डोजोत असलं काही नाही. कर बघू, दाखव."

इराहासान पुढं आले. आयुष्यभराच्या निष्ठेनं त्यांनी तीन पावलं टाकली, अर्धे वळले, टाच उचलून अर्धा श्वास शत्रूचा कानोसा घेतला आणि मग पुरे वळले. सेन्सेई टक लावून बघत होते. एक हात टेबलाखाली गेला, गुडघ्यावर.

"मी असा वळतो?" त्यांनी विचारलं.

इराहासान स्वतःच्या पायांकडं बघू लागले.

"मी थांबतो मध्ये?"

शुरीहून आलेले म्हातारे परीक्षक चहाच्या कपात बघत म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुमच्या डोजोची पद्धत असेल. दुसऱ्याच्या गुरूबद्दल विचारणं बरं दिसत नाही."

"किती वर्षं?"

"तीसेक असतील."

सेन्सेई मागं रेलले. "मला वाटायचं मी सरळ वळतो. आणि या सगळ्यांना बघून वाटायचं, काय नशीब माझं, एकजात सगळे कच्च्या गुडघ्याचे शिष्य मिळाले. बोललो नाही कधी. म्हटलं, बिचाऱ्यांना वाईट वाटेल." आणि ते हसायला लागले. जुलैची गोष्ट सांगताना हसायचे तसेच, मान मागं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शुरीचे म्हातारे हसले, भिंतीशी बसलेले हसले, आणि शेवटी मध्यभागी उभे असलेले इराहासानही, कानापर्यंत लाल होऊन, हसले. फुमिए तेवढी रडत होती. जीव भांड्यात पडला की तिला नेहमी रडूच यायचं.

सही त्यांनी तिथंच केली. हात खरंच थरथरत होता. कोहागुराचं शेवटचं अक्षर कागदाच्या कडेपर्यंत घसरत गेलं, आणि मोरिहिदेनं तो कागद दुकानात वजनकाट्याच्या वर टांगला.

गुरुवारच्या वर्गाला सेन्सेई भिंतीशी खुर्ची टाकून बसले. "फुमिए, पुढं हो. वळण तू दाखव. माझं कुणी बघू नका आता."

फुमिए पुढं झाली. अंग हलकं झालं होतं, घरापासून ती जवळजवळ पळतच आली होती. तिनं वळण करून दाखवलं. एकदा, दोनदा, तीनदा. अकरा जणं श्वास रोखून बघत होते आणि सगळ्यांत पुढं, डोळे न मिटता, इराहासान. एकतीस वर्षांची सवय मोडायची म्हणजे खेळ नव्हता, आणि तरी त्यांच्या तोंडावर कालच आलेल्या शिष्याची भूक होती. फुमिएला त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच माया वाटली.

"आता तुम्ही," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

रांग उभी राहिली. इराहासानांनी पाय जुळवले, श्वास घेतला. मग डावा हात उचलून, आपल्या तुळतुळीत डोक्यावरून अलगद कानामागं सारला. त्यांच्या मागं दहा हात कानामागं गेले. आणि अकरा जणं तीन पावलं चालून, एका दमात, सुरेख वळले.

खुर्चीतून आवाज आला. "इराहा, सुरू करण्याआधी ते काय केलंस?"

इराहासान गंभीरपणे म्हणाले, "कान मोकळा केला, सेन्सेई. मागचा शत्रू ऐकू यावा म्हणून."

फुमिएचा हात बट मागं सारायला निघाला होता, तो वाटेतच थांबला. सेन्सेईंनी तिच्याकडं पाहिलं, तिच्या हाताकडं पाहिलं, आणि दुखरा गुडघा दोन्ही हातांनी धरून हसू दाबत म्हणाले, "उद्या केसांना पिन लावून ये. तेहतीस वर्षं थांबू नकोस."